मोठ्या दवाखान्यातून गावच्या केंद्राकडे : सीमाभागातील मुलांच्या उपचारांची पार्श्वभूमी

आजार आटोक्यात आला आहे, औषध ठरले आहे, तरीही दर महिन्याला बेळगावच्या बालरोग ओपीडीत रांगेत उभी राहणारी मुले खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या तालुक्यांत गावोगावी सापडतात. फिट्स थांबलेली मुले, दम्यासाठी पंप ओढणारी, थायरॉइडची गोळी घेणारी. त्यांना गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सोपवावे, ही कल्पना आता नव्याने मांडली जाते. कागदावर मात्र ती जुनी आहे. गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांचा आराखडा १९४६ चा. गावचे केंद्र, तालुक्याचा दवाखाना आणि वैद्यकीय महाविद्यालय यांना एका साखळीत बांधण्याची शिफारस १९७५ ची. त्यानंतर दोनच वर्षांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय होते, म्हणजे साखळीचे वरचे टोक तयारच होते.

लोक मात्र साखळीने जात नव्हते, आपापल्या वाटेने जात होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, पण त्यामुळे रुग्णांच्या वाटा बदलल्या नाहीत. निपाणीचे लोक कोल्हापूर-गडहिंग्लजला जात राहिले. अथणी-रायबागचे लोक मिरजेला, जिथे १८९४ पासून मिशनचा दवाखाना होता. खानापूरचे बेळगावला, काही गोव्याला. गोव्याच्या सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयाने २०१८ च्या जानेवारीपासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले आणि ती वाट अवघड झाली. वरचा दवाखाना एका राज्यात आणि मूल राहते ते गाव दुसऱ्या राज्यात, ही इथली नेहमीची स्थिती आहे. ती लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम आला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊ लागली. जन्मजात दोष, कमतरता, आजार, वाढीतला उशीर अशा तीसेक स्थितींवर त्यांची नजर होती. याचा खरा उपयोग झाला. हृदयाला छिद्र असलेली, दुभंगलेल्या ओठांची, कमी ऐकू येणारी मुले यातून पुढे आली आणि शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली. पण या कार्यक्रमाचे सगळे बळ मूल शोधून वर पाठवण्यात होते. उपचार झाल्यावर मुलाला पुन्हा कोणाच्या हाती द्यायचे, याची तशी घट्ट व्यवस्था झाली नाही.

मग आला २०१८ चा निर्णय. त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. त्या मार्चमध्ये कर्नाटकाने आधीच्या वेगवेगळ्या आरोग्य योजना ‘आरोग्य कर्नाटक’मध्ये एकत्र केल्या आणि ऑक्टोबरअखेर ती केंद्राच्या आयुष्मान भारत या आरोग्यविमा योजनेशी जोडली गेली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. अट अशी की आधी सरकारी दवाखान्यात जायचे, तिथे सोय नसेल तर त्यांनी चिठ्ठी द्यायची, आणि ती चिठ्ठी घेऊनच खासगी रुग्णालयात जायचे. तातडीच्या १६९ उपचारांना तेवढी सूट होती.

शासनाचे म्हणणे निराधार नव्हते. विम्याचा पैसा थेट खासगीकडे जात राहिला तर सरकारी दवाखाने ओस पडतील, हे खरेच होते. विरोधकांचे म्हणणेही खोटे नव्हते. कणकुंबी-जांबोटीच्या वरच्या अंगाची आई आजारी मूल घेऊन आधी खानापूर, मग बेळगावचे सिव्हिल, मग खासगी रुग्णालय असे तीन टप्पे करते, त्यातला एक तर निव्वळ शिक्क्यासाठी. पावसाळ्यात आमगाव, गवाळीसारख्या गावांतून तर रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावरून आणावे लागते. वाद झाला तो चिठ्ठी कोणी द्यायची आणि कोणाला माफ करायची यावर. परतीच्या चिठ्ठीचा प्रश्न त्यात फारसा आलाच नाही. माझ्या मते इथेच खरी संधी हुकली. वर जाणाऱ्या कागदाला पैसा जोडलेला होता, म्हणून तो कागद चालला. खाली येणाऱ्या कागदाला काहीच जोडलेले नव्हते. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांच्या औषधांची सोय आहे. सोळाव्या दिवशी ते मूल कोणत्या दवाखान्याचे, याचे उत्तर त्यात नाही.

शब्दांचाही इथे मोठा गुंता आहे. ‘रेफर’ हा शब्द आता गावातल्या आजीलाही कळतो, पण त्याचा अर्थ फक्त वर पाठवणे. ‘डिस्चार्ज’ म्हणजे वॉर्डातून सुट्टी. ओपीडीतून डिस्चार्ज ही गोष्टच लोकांच्या अनुभवात नाही. केसपेपरवर ‘महिन्याने दाखवा’ लिहिलेले असते आणि तो महिना वर्षानुवर्षे लांबत जातो. अशा वेळी ‘आता गावच्या केंद्रातच दाखवा’ असे सांगितले, की आईबापांच्या कानी वेगळेच पडते : मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. वरून खाली परत पाठवण्यासाठीचा सरकारी मराठीतला ‘प्रतिसंदर्भ’ शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. ‘मागे पाठवले’ म्हणावे तर त्यात नाकारल्याचा वास येतो. ‘सोपवले’ हा शब्द बरा वाटतो, कारण सोपवायला समोर घेणारा हात लागतो.

तो हात तयार असतो का, हे हृदयाच्या झडपा बिघडवू शकणारा संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलांकडे पाहून कळते. अशा मुलाला दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. हृदयाला इजा नसेल तरी किमान ५ वर्षे किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यातले जे लांब असेल ते. झडपा बिघडल्या असतील तर त्याहून पुष्कळ जास्त, काहींना जन्मभर. इंजेक्शन जुने आणि स्वस्त आहे, देणे अवघड नाही. पण त्याच्या रिअॅक्शनची भीती एवढी, की अनेक केंद्रे ते टोचायला तयार होत नाहीत. मग वर्षाला सतरा फेऱ्या, सतरा दिवस शाळा बुडणार आणि आईची सतरा दिवसांची मजुरी जाणार. एखादी फेरी चुकली की झडपेचा धोका पुन्हा उभा. झडपेच्या शस्त्रक्रियेला योजनेत पैसा आहे. ती टाळणाऱ्या या इंजेक्शनसाठी केंद्रातल्या डॉक्टरला आणि सिस्टरला हवे आहे ते प्रशिक्षण, रिअॅक्शन आलीच तर हाताशी अॅड्रेनलिनचे इंजेक्शन आणि वरून कोणीतरी लिहून दिलेला आधार.

लिहून दिलेले वाचायचे कोणी, हाही प्रश्न आहे. गर्भवतीला आणि बाळाला मिळणारे ‘ताई कार्ड’ कन्नडमध्ये छापलेले असते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, पण मराठी घरांत बायका तो शब्द आपल्या ताईचाच समजतात. कोल्हापूर-मिरजेहून येणारा कागद इंग्रजी आणि मराठीत असतो. केंद्रातली सिस्टर बागलकोट-विजापूरकडची असली तर तिला मराठी येत नाही, आणि आईला कन्नड येत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण जुने आहे. औषधाचा डोस ही आईसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि तीच बहुधा तोंडी राहते.

२०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत निपाणी-कोल्हापूर रस्त्यावरचा कोगनोळीचा सीमानाका बंद झाला आणि निपाणी भागातल्या मुलांची कोल्हापूरची वाट तुटली. जे धोरणाने झाले नव्हते ते नाइलाजाने झाले : आशाताईंनी घरी औषधे पोहोचवली, केंद्रातल्या डॉक्टरांनी जुन्या केसपेपरवरून गोळ्या चालू ठेवल्या, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. नाका उघडल्यावर बहुतेक मुले पुन्हा जुन्या रांगेत गेली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू केली आणि कर्नाटकाने हरकत घेतली. तो वाद हक्काचा आहे आणि सीमाभागातल्या माणसाला तो जिव्हाळ्याचाच वाटणार. पण महाराष्ट्रात उपचार घेतलेल्या मुलाचा कागद कर्नाटकातल्या केंद्राने कसा स्वीकारायचा, यावर दोन्ही बाजूंच्या भांडणात क्वचितच कोणी बोलले.

आजची उपकेंद्रे आणि प्राथमिक केंद्रे आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत. प्राथमिक केंद्रासाठी १७२ औषधांची यादी ठरली आहे. तिथे रक्तदाब, मधुमेहाची घरोघरची नोंद होते, पण ती वयाच्या ३० व्या वर्षापासून. नऊ वर्षांच्या दम्याच्या मुलीचे नाव त्या वहीत येत नाही. शाळातपासणीच्या वहीत ते असते, पण ती वही पथकाच्या गाडीतून तालुक्याला जाते.