हापूसचा साका आणि कोयीतले उत्तर

हापूसचा आंबा पिकून केशरी झाला, घमघमाट सुटला आणि सुरी लावल्यावर कोयीलगतचा गर पांढुरका, भुसभुशीत व आंबूस निघाला, तर कोकणातला माणूस एकच शब्द उच्चारतो : साका. फळाच्या सालीवर याची कसलीही खूण उमटत नाही. त्यामुळे बागायतदार आणि आडत्या दोघेही चांगला म्हणूनच तो विकतात आणि फसवणूक झाली ती खाणाऱ्याच्या ताटात उघडी पडते.

हा बुरशीचा किंवा किडीचा उपद्रव नाही, तर फळाच्या शरीरक्रियेतलाच बिघाड आहे. साक्याच्या भागात स्टार्चची साखर व्हायची राहून जाते आणि आम्लता टिकून राहते. फवारून मारावे असे काहीच नसल्याने संशोधकांनी आधी पैदाशीची वाट धरली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात, जे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा भाग आहे, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ ही जात प्रसारित झाली. आंब्याचा संकर हे चिकाटीचे काम आहे, कारण मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो फुले असली तरी त्यांतली बरीचशी नर असतात, हाताने परागण केलेल्या फुलांपैकी मोजकीच फळ धरतात आणि त्या फळाच्या कोयीतून उगवलेल्या झाडाचा पहिला आंबा चाखण्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. रत्नात साका नाही, शिवाय ती हापूसपेक्षा नियमित फळते. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 मध्ये अत्यंत पातळ कोयीची ‘सिंधू’ आली.

तरीही बाजारात पेटी हापूसचीच मागितली जाते. मला यात संशोधकांचे अपयश दिसत नाही. गिऱ्हाईक चवीइतकेच नावालाही पैसे मोजते, एवढेच यातून कळते. परिणामी संशोधनाला पुन्हा हापूसकडेच वळावे लागले.

साका का होतो, याचे पूर्वीचे उत्तर उष्णता हे होते. तापलेल्या जमिनीची झळ फळाला बसते, म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन करावे आणि उतरवलेला आंबा उन्हात ठेवू नये, हा सल्ला आजही उपयोगी आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मात्र कोयीकडे बोट दाखवले. आंब्याच्या बीला सुप्तावस्था जवळजवळ नसते. फळ झाडावर पक्व होत असतानाच बी रुजण्याची तयारी करू लागले, तर त्याचा भार शेजारच्या गरावर पडतो आणि तो नीट पिकत नाही. साका कोयीपासून बाहेर का पसरतो, हे कोडे या मांडणीत सुटते. याच संशोधनातून बीची ही घाई रोखणारे ‘अर्का साका निवारक’ हे द्रावण तयार झाले. ते झाडावरच्या कच्च्या फळांना लावायचे असते, आणि उंच जुन्या कलमांच्या बागेत ते काम किती मजुरीचे आहे, हे बागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

द्रावण लावणे जमले नाही तरी उतरवणीची वेळ मात्र हातात असते. आंबा सोळा आणे तयार होण्याची वाट न पाहता चौदा आणे झाल्यावर, सकाळच्या गारव्यात, झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवून लगेच सावलीत नेला, तर साक्याचे प्रमाण कमी राहते. दापोलीच्या विद्यापीठाने या कामासाठी ‘नूतन झेला’ही घडवला. त्याच्या पात्याने देठ कापला जातो आणि फळ न आपटता, सालीवर चीक न सांडता, अलगद जाळीत येते.