बॅकलॉरिएट मिसा आणि धर्मग्रामातील युवकांचा उन्हाळा

बॅकलॉरिएट मिसा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅथलिक धर्मग्रामांत (एका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समुदायांत) बारावी पूर्ण करणाऱ्या मुलामुलींसाठी मे-जूनमध्ये होणारी कृतज्ञतेची मिसा, म्हणजे भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य कॅथलिक उपासना. तिला जोडूनच धर्मग्रामाच्या युवक मंडळाचे उन्हाळी उपक्रम सुरू होतात. व्यवहारात एकच युवक-समन्वयक आणि तेच स्वयंसेवक दोन्ही कामे पाहतात, म्हणून या नोंदीत दोन्हींचा एकत्र विचार केला आहे. शाळेचे वर्ष दक्षिणेकडील राज्यांत मेच्या मध्यास, तर न्यूयॉर्कसारख्या ईशान्येकडील राज्यांत जूनच्या अखेरीस संपते. पुढचे वर्ष ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या कामगार दिनानंतर सुरू होते. हा मधला आठ ते अकरा आठवड्यांचा काळ म्हणजे या नोंदीतील ‘उन्हाळा’.

उगम : पदवीदानाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात धार्मिक प्रवचन करण्याची ‘बॅकलॉरिएट’ नावाची प्रथा ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या १४३२ मधील एका नियमापर्यंत मागे नेली जाते. पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने लॅटिन भाषेत एक प्रवचन द्यावे, असा तो नियम सांगितला जातो. मात्र त्या विद्यार्थ्याच्या प्रवचनापासून आजच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या प्रवचनापर्यंतची सलग साखळी दाखवणे अवघड आहे. त्यामुळे वसाहतकालीन अमेरिकी महाविद्यालयांचा दुवा अधिक भरवशाचा मानणे इष्ट. हार्वर्डचा पहिला पदवीदान समारंभ १६४२ मध्ये झाला. प्रिन्स्टन येथील नोंद असलेले सर्वांत जुने बॅकलॉरिएट प्रवचन १७६० मधील असून ते तेव्हाचे अध्यक्ष सॅम्युएल डेव्हिस यांनी दिले होते. ही सर्व परंपरा प्रॉटेस्टंट आहे. तिच्या केंद्रस्थानी प्रवचन होते, मिसा नव्हती.

कॅथलिकांनी ही प्रथा उचलली ती स्वतःच्या शाळा-महाविद्यालयांच्या वाढीबरोबर. काही लेखक तिचा संबंध जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या ‘पवित्र आत्म्याच्या मिसे’शी जोडतात. ही मिसा १५४८ मध्ये मेसिना येथील जेझुइट विद्यालयात सुरू झाली, असे परंपरा सांगते. परंतु ती वर्षारंभाची मिसा आहे. वर्षअखेरीच्या मिसेचे मूळ तिच्यात शोधण्यास पुरेसा आधार नाही. प्रॉटेस्टंट महाविद्यालयांतील रूढ नाव आणि कॅथलिकांची नेहमीची कृतज्ञता-मिसा यांचा हा संयोग असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शाळेकडून धर्मग्रामाकडे : बाल्टिमोरच्या तिसऱ्या प्लेनरी परिषदेने (अमेरिकेतील बिशपांच्या सर्वसाधारण सभेने) १८८४ मध्ये प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा उभारण्याचे बंधन घातले. त्या धोरणातून वाढलेल्या कॅथलिक शाळांत १९६० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ५२ लाख विद्यार्थी होते. आज ते सुमारे १७ लाख आहेत. म्हणजे बहुसंख्य कॅथलिक मुले आता सरकारी शाळांत शिकतात आणि तेथे शाळेने प्रार्थना घडवून आणणे घटनाबाह्य आहे. एंगल विरुद्ध व्हिटाले (१९६२) या खटल्यात सरकारने रचलेली प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. ली विरुद्ध वाइसमन (१९९२) या प्रॉव्हिडन्स येथील खटल्यात पदवीदान समारंभात शाळेने बोलावलेल्या धर्मगुरूने प्रार्थना म्हणणे पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरले. तेथील प्रार्थना एका यहुदी रब्बीने म्हटली होती. टेक्सासमधील सांता फे खटल्यात (२०००) शाळेच्या फुटबॉल सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून विद्यार्थ्याने म्हणायची प्रार्थनाही नाकारली गेली. तो दावा एका कॅथलिक आणि एका मॉर्मन कुटुंबाने लावला होता, हे सहसा विसरले जाते. बहुसंख्याकांची प्रार्थना आपल्या मुलांवर लादली जाऊ नये, ही चिंता कॅथलिक कुटुंबांचीही होती.

शाळेच्या इमारतीत खासगी संस्थेने बॅकलॉरिएट भरवण्यास मनाई नाही. इतर संस्थांना ज्या अटींवर सभागृह मिळते त्याच अटींवर ते मिळावे लागते. मात्र असे कार्यक्रम बहुधा आंतरपंथीय असतात व त्यांत मिसा होत नाही. म्हणून पाच-सहा शाळांत विखुरलेल्या आपल्या मुलांना एका वेदीभोवती आणणे हे काम धर्मग्रामाकडे आले आहे.

उपासनाविधीचे नियम आणि तारीख : आयोजनातील सर्वाधिक चुका येथे होतात. रोमन मिसा-ग्रंथात पदवीदानासाठी वेगळी मिसा दिलेली नाही. उपलब्ध पर्याय दोन : देवाचे आभार मानण्याची मिसा आणि पवित्र आत्म्याची ऐच्छिक मिसा (दिवसाच्या ठरलेल्या मिसेऐवजी निवडलेली). या दोन्ही मिसा पुनरुत्थानकाळातील (ईस्टर ते पेन्टेकॉस्ट) रविवारी व मोठ्या सणांना चालत नाहीत. आणि मे व जूनच्या सुरुवातीचे बहुतेक सर्व रविवार नेमके तसेच असतात. उदाहरणार्थ, २०२६ मध्ये १७ मे रोजी प्रभूचे स्वर्गारोहण (बहुतेक धर्मप्रांतांत, म्हणजे एकेका बिशपाच्या अखत्यारीतील प्रदेशांत), २४ मे रोजी पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, ३१ मे रोजी पवित्र त्रैक्य आणि ७ जून रोजी ख्रिस्तशरीराचा सण येतो. पहिला मोकळा रविवार १४ जूनचा. तोवर दक्षिणेकडील मुले शिबिरांना व नोकऱ्यांना निघून गेलेली असतात. बॉस्टन, हार्टफर्ड, न्यूयॉर्क, न्यूअर्क, फिलाडेल्फिया व ओमाहा या चर्च-प्रांतांत (धर्मप्रांतांच्या समूहांत) स्वर्गारोहण गुरुवारीच साजरे होते, त्यामुळे शेजारच्या राज्यातील कार्यक्रमपत्रिका जशीच्या तशी उचलल्यास वाचने चुकतात.

यातून दोन मार्ग निघतात. पहिला, रविवारची (अथवा शनिवार सायंकाळची) नेहमीची मिसा ठेवायची. वाचने व प्रार्थना त्या दिवसाच्याच घ्यायच्या आणि पदवीधरांचा (म्हणजे बारावी पूर्ण केलेल्या मुलांचा) उल्लेख प्रवचन, विश्वासूंच्या प्रार्थना व अखेरचा आशीर्वाद या तीनच ठिकाणी करायचा. दुसरा, आठवड्यातील एखादी संध्याकाळ निवडायची. पुनरुत्थानकाळातील साध्या दिवशीही ऐच्छिक मिसा तत्त्वतः वर्ज्य आहे. पण विश्वासूंच्या आध्यात्मिक हितासाठी खरी गरज असल्यास चर्चप्रमुख किंवा मिसा अर्पण करणारे धर्मगुरू ती ठरवू शकतात. पहिला मार्गच श्रेयस्कर. त्यात संपूर्ण धर्मग्राम हजर असतो, मुलांना लहानपणापासून पाहिलेली वडीलधारी माणसे बाकांवर असतात आणि उपस्थितीची चिंता राहत नाही. स्वतंत्र मिसेला मात्र फक्त घरची मंडळी येतात. पेन्टेकॉस्टच्या रविवारी तर शास्त्रपाठ आपसूकच प्रसंगाला साजेसे असतात.

प्रवचन फक्त अभिषिक्त सेवकानेच (बिशप, धर्मगुरू किंवा डीकन) द्यायचे असते (चर्चच्या कायद्यातील कॅनन ७६७). विद्यार्थ्याला बोलू द्यायचे असल्यास ख्रिस्तप्रसादानंतरची (मिसेत पवित्र भाकर वाटून झाल्यावरची) प्रार्थना संपल्यावर, दोन-तीन मिनिटे आणि लिहून आणलेले. मिसेनंतरच्या चहापानात ते ठेवणे अधिक चांगले. अमेरिकेसाठीच्या १९८९ च्या आशीर्वाद-ग्रंथात विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी आशीर्वादविधी आहे, पण त्याचा रोख वर्षारंभाकडे आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी धर्मगुरू त्यातील प्रार्थना प्रसंगानुरूप जुळवून घेतात.

आयोजन : जानेवारीअखेर धर्मग्रामाच्या बुलेटिनमधून नावे मागवावीत व मिसेच्या सहा आठवडे आधी नोंदणी बंद करावी. अर्जात शाळा, पुढील वाटचाल (महाविद्यालय, नोकरी, सैन्य, व्यवसाय-प्रशिक्षण) आणि नावाचा उच्चार या तीन गोष्टी हव्यातच. स्पॅनिश, व्हिएतनामी, मल्याळी व पोलिश नावे एकाच यादीत असतात. उच्चार चुकला की त्या कुटुंबापुरता सोहळा तिथेच बिघडतो. यादी वाचणाऱ्याने आदल्या दिवशी प्रत्येकाकडून नाव ऐकून घ्यावे. फक्त महाविद्यालयाचे नाव जाहीर करण्याची पद्धत टाळावी. त्यामुळे नोकरीला लागणारी मुले अवघडतात आणि पुढच्या वर्षी तशा घरची मुले नावच देत नाहीत.

पदवीदानाचे झगे शाळेकडून एक-दोन आठवडे आधी मिळतात. ज्या शाळेचे झगे आले नसतील तिथल्या मुलांनी साध्या सभ्य पोशाखात यावे, हे आधीच कळवावे. निरनिराळ्या शाळांचे निरनिराळे रंग एकत्र दिसणे हेच या मिसेचे वैशिष्ट्य, त्यामुळे एकसारखे झगे भाड्याने आणण्याची गरज नाही. चौकोनी टोप्या मिसेत घालू नयेत. मिरवणुकीत घातल्या तरी बाकावर पोचताच काढाव्यात. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे फिरवण्याचा प्रकार शाळेच्या समारंभातला. तो वेदीपुढे करू नये. झगे पॉलिएस्टरचे असतात आणि मेअखेरीस चर्चमध्ये उकडते, म्हणून मुलांना पंखे किंवा वातानुकूलन पोचेल अशा बाकांवर बसवावे व आधी पाणी प्यायला द्यावे. उभ्याने भोवळ येण्याचे प्रकार बहुधा उपाशीपोटी आलेल्यांत होतात.

एका बाकावर झग्यांसह सहा जण धरावेत. तीस मुलांना पाच बाक लागतात. वेळेचा हिशेब असा : फक्त नाव घेऊन जागेवर उभे करायचे तर एकास पाच-सहा सेकंद, म्हणजे तीस जणांना तीन मिनिटे. वेदीजवळ बोलावून भेटवस्तू द्यायची तर एकास पंधरा सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटे. साठ मुलांना हेच पाऊण-एक तासाच्या मिसेत पंधरा मिनिटे खाते आणि पुढच्या मिसेच्या गाड्या वाहनतळावर अडकतात. चाळिशीच्या पुढे संख्या गेली की सामूहिक आशीर्वाद मिसेत व भेटवस्तू चहापानात, अशी विभागणी करावी. भेट म्हणून बायबल, जपमाळ किंवा क्रूस देतात. त्यासोबत मूल जेथे शिकायला जाणार तेथील कॅथलिक केंद्राचा पत्ता द्यावा. धर्मग्रामाने देण्याजोगी याहून उपयोगी वस्तू नाही. कॅथलिक विद्यार्थ्यांचा पहिला न्यूमन क्लब १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्थापन झाला; आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांजवळ असे केंद्र असते. पालकांची संमती घेऊन त्या केंद्राला मुलाचे नाव जुलैतच कळवले तर पहिल्या रविवारी कोणीतरी त्याला शोधत येते.

मिसेला अकॅथलिक आप्त व मित्र येतात. ख्रिस्तप्रसाद कोणी घ्यावा व इतरांनी आशीर्वादासाठी कसे यावे, हे पत्रिकेत छापावे. ऐनवेळी व्यासपीठावरून सांगितले की पाहुणे ओशाळतात.

दृढीकरण आणि ‘दुसरे पदवीदान’ : बाप्तिस्मा पक्का करणारा दृढीकरण संस्कार अमेरिकेत समजण्याच्या वयापासून सुमारे सोळा वर्षांपर्यंत, धर्मप्रांताच्या बिशपांनी ठरवल्याप्रमाणे दिला जातो. अनेक ठिकाणी तो आठवी ते अकरावीच्या दरम्यान आणि बहुधा वसंतात येतो. परिणामी मुले व पालक त्याला धर्मशिक्षणाचा निरोपसमारंभ समजतात व उन्हाळ्यापासून येईनाशी होतात. फिनिक्स (२००५) आणि डेन्व्हर (२०१५) येथील बिशपांनी दृढीकरण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधी, तिसरीच्या सुमारास आणले, त्यामागे हेही एक कारण होते. वय बदलून गळती थांबते का, यावर एकमत नाही. संस्कारानंतर लगेच, त्याच महिन्यात, मुलांच्या हाती उन्हाळ्यातील ठरावीक जबाबदारी देणाऱ्या धर्मग्रामांत मुले टिकतात, असे युवक-समन्वयकांचे म्हणणे असते आणि ते पटण्याजोगे आहे.

उन्हाळी उपक्रम : सर्वांत रूढ उपक्रम म्हणजे सुट्टीतील बायबल शाळा. ती सर्वांत आधी कोठे भरली, हे वादग्रस्त आहे. इलिनॉयमधील होपडेल येथे १८९४ मध्ये एका मेथडिस्ट शिक्षिकेने चार आठवड्यांची शाळा भरवली. न्यूयॉर्कमध्ये १८९८ मध्ये एलायझा हॉज यांनी झोपडवस्तीतील मुलांसाठी भाड्याच्या बिअर-हॉलमध्ये तशीच शाळा चालवली. आणि १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी तिला चळवळीचे रूप दिले. प्रथमत्व होपडेलचे मानले तरी प्रसार न्यूयॉर्कमुळे झाला. कॅथलिकांत १९२१ मध्ये ऑरेगॉनच्या लेन परगण्यात फादर एडविन ओहारा यांनी खेड्यांतील मुलांसाठी धार्मिक सुट्टीशाळा काढली. कॅथलिक शाळा नसलेल्या शेतकरी वस्त्यांत धर्मभगिनींनी उन्हाळ्यात जाऊन शिकवावे, ही तिची मूळ कल्पना. आजची शाळा बहुधा सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते बारा असते.

या शाळेत सातवीपुढची मुले मदतनीस असतात. आठ ते दहा लहान मुलांच्या गटामागे दोन किशोरवयीन व एक प्रौढ हे प्रमाण चांगले चालते. कथा, गाणे, हस्तकला, खेळ, खाऊ अशी वीस-पंचवीस मिनिटांची फिरती स्थानके असतात. मैदानी खेळ साडेदहाच्या आत उरकावेत. हस्तकलेचे कागद आदल्या आठवड्यात कापून ठेवावेत. नाहीतर निम्मा वेळ कात्रीतच जातो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी गंभीर असू शकते, म्हणून खाऊची यादी पालकांना आधी दाखवावी आणि अ‍ॅलर्जी मुलाच्या नावपट्टीवरच लिहावी. मूल घरी सोडताना अर्जात नोंदलेल्या व्यक्तीचीच सही घ्यावी.

मोठ्या मुलांसाठी घरदुरुस्तीची आठवडाभराची सेवाशिबिरे, स्टुबेनव्हिल येथील फ्रान्सिस्कन विद्यापीठाने १९७६ पासून चालवलेली शुक्रवार-ते-रविवार युवक संमेलने, आणि शिकागोत १९३० मध्ये बिशप बर्नर्ड शील यांनी सुरू केलेल्या कॅथलिक युथ ऑर्गनायझेशनच्या परंपरेतील क्रीडास्पर्धा असतात. चार जुलैचा (अमेरिकी स्वातंत्र्यदिनाचा) आठवडा कोणत्याही उपक्रमासाठी घेऊ नये.

सुरक्षा : अमेरिकी बिशपांच्या बालसंरक्षणाविषयीच्या २००२ च्या डॅलस सनदेनंतर मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी-तपासणी व प्रशिक्षण सक्तीचे झाले. येथे पदवीधरांबाबत एक पेच हटकून येतो. मेमध्ये जो युवक मंडळाचा सदस्य होता, तो अठरावा वाढदिवस होताच नियमांच्या दृष्टीने प्रौढ ठरतो; जुलैच्या शिबिरात त्याला गटप्रमुख करायचे तर तपासणी आधी पूर्ण हवी. तिला काही आठवडे लागू शकतात. म्हणून बॅकलॉरिएटच्या नोंदणी-अर्जातच जन्मतारीख घ्यावी आणि इच्छुकांचे कागद एप्रिलमध्ये पाठवावेत. अठरा वर्षांच्या गटप्रमुखाला सतरा वर्षांच्या मित्रांबरोबर एकाच खोलीत झोपू देऊ नये. कोणत्याही गटासोबत किमान दोन तपासलेले प्रौढ असावेत. वाहनचालकाचे किमान वय अनेक धर्मप्रांतांत २१ किंवा २५ असते, आणि पंधरा आसनी व्हॅन उलटण्याच्या धोक्यामुळे अनेक ठिकाणी वर्ज्य आहे. मिनीबस किंवा दोन लहान गाड्या घ्याव्यात.

महाराष्ट्रातील स्थिती : वसई, मुंबई येथील धर्मग्रामांत दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गौरव व मे महिन्यातील मुलांची शिबिरे परिचित आहेत, पण क्रम उलटा आहे. येथे परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मे-जूनच्या सुमारास लागतो, त्यामुळे गौरव बहुधा निकालानंतर, नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर आलेले असताना होतो. तो गुणांवर आधारलेला असतो. अमेरिकी प्रथेत गुणांचा संबंध नसतो. नाव दिलेला प्रत्येक विद्यार्थी उभा राहतो.