पुंगली पुलावर उतरलेली मराठा पलटण: पॅराशूट रेजिमेंटची पार्श्वभूमी

बीड, लातूर, परभणी, नांदेड, कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे फिरायला निघालं की भरतीची पोरं दिसतात. सोळाशे मीटर पळायचं, बीमवर दहा पुलअप काढायचे, नऊ फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा, हे त्यांचं रोजचं. लेखी आणि ग्राउंड निघालं, मेडिकलही झालं की पुढे काय, असं विचारलं तर त्यांतल्या अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पॅरा, म्हणजे लष्कराची पॅराशूट रेजिमेंट. मरून टोपी आणि छातीवरचे पंख. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून त्यांना कमांडो माहीत झालेले असतात. पण ज्या रेजिमेंटचं नाव घेऊन ही पोरं पळतात तिचा मूळ पिंड पायदळाचा आहे आणि तिच्या सर्वांत मोठ्या उडीत मराठी पलटण होती, हे फार थोड्यांच्या कानावर आलेलं असतं. म्हणून हा मागोवा.

आधी कामाचं स्वरूप समजून घेऊ, आणि त्यासाठी आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरहून निजामाच्या हद्दीत शिरल्या, तेव्हा पहिली चकमक नळदुर्गला झाली. तिथल्या बोरी नदीवरचा पूल उडवला गेला असता तर हैदराबादच्या वाटेवर रणगाडे आणि गाड्या अडकून पडल्या असत्या. 7 व्या ब्रिगेडने वेगाने आणि अचानक चाल करून तो पूल शाबूत ताब्यात घेतला. नळदुर्ग सरहद्दीला लागूनच होतं, त्यामुळे जमिनीवरून धडक मारून हे जमलं. पण असाच पूल शत्रूच्या मुलखात शंभर किलोमीटर आत असेल आणि मध्ये नद्याच नद्या असतील तर? अशा वेळी माणसं आभाळातून उतरवावी लागतात. मोक्याची जागा धरायची आणि मागून आपलं मुख्य सैन्य येईपर्यंत ती सोडायची नाही. सोबत रणगाडे नसतात आणि दारूगोळा बरोबर आणलेला तेवढाच. उडी काही सेकंदांत आटोपते. कस लागतो तो त्यानंतर तग धरताना.

दुसऱ्या महायुद्धात, मे 1941 मध्ये, जर्मनांनी क्रीट बेट मुख्यतः हवाईमार्गे उतरवलेल्या सैन्याच्या जोरावर घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत 50 वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात ब्रिटिश, भारतीय आणि गुरखा अशा तीन पलटणी होत्या. गंमत बघा, या ब्रिगेडची पहिली मोठी लढाई विमानाशिवायच झाली. मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाक या डोंगरी गावात ती जपान्यांच्या वाटेत उभी राहिली. सोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडत होती, पाण्याचीही मारामार होती. तरी 20 ते 26 मार्च असे दिवस त्यांनी काढले. माणसं फार गेली, पण कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचा मोलाचा वेळ तिथे खर्ची पडला. खरीखुरी लढाऊ उडी 1 मे 1945 ला पडली, ती रंगूनजवळच्या एलिफंट पॉइंटवर, गुरखा छत्रीधाऱ्यांची, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या जवानांची. त्याच वर्षी भारतीय पॅराशूट रेजिमेंट औपचारिकपणे स्थापन झाली आणि युद्ध संपताच 1946 मध्ये मोडलीही.

फाळणीनंतर 50 वी ब्रिगेड भारताकडे राहिली आणि तिच्यात पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटांची एकेक पलटण होती. मराठ्यांची ती तिसरी पलटण. 1797 मध्ये, म्हणजे पेशवाई अजून उभी असताना, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत उभी राहिलेली. नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले इतर सगळे पडले, तेव्हा ते एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. बॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटी बंदुकीच्या दस्त्याने भिडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातले हे कोकणी वीर. मराठा पलटणींची भरती तेव्हा मुख्यतः कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातून व्हायची, कारण आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इथल्या घरांत पलटणीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ऐकायला मिळाल्या नाहीत त्याचं एक कारण हे आहे, असं मला वाटतं.

1948 मध्ये काश्मीरच्या लढाईत ही ब्रिगेड नौशेरा भागात होती. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान तिचे प्रमुख. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असा त्यांचा पण होता आणि मार्चमध्ये झांगर घेतलं तेव्हा गावातून खाट मागवावी लागली, असं सांगतात. त्या मोहिमेत मराठा पलटण पुढे होती. 3 जुलैला झांगरलाच तोफगोळा लागून उस्मान शहीद झाले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालेला हा अधिकारी आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे असायला हवा.

15 एप्रिल 1952 ला तिन्ही पलटणी एकत्र करून आजची पॅराशूट रेजिमेंट झाली. मराठ्यांची तिसरी आता 2 पॅरा म्हणून ओळखली जाऊ लागली. डिसेंबर 1961 मध्ये गोव्यात ती फोंड्याच्या वाटेने शिरली, तीही जमिनीवरूनच.

आणि मग 11 डिसेंबर 1971. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जमालपूर आणि मैमनसिंगहून पाकिस्तानची 93 वी ब्रिगेड ढाक्याकडे माघार घेत होती. ती ढाक्यात पोचली असती तर शहराचा बचाव बळकट झाला असता. वाटेत टांगाइलजवळ लोहजंग नदी आणि तिच्यावरचा पुंगली पूल. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या 2 पॅराला हुकूम मिळाला: पूल धरा, वाट तोडा. कॅप्टन पी. के. घोष आधीच गुपचूप त्या भागात पोचून कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीशी, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्थानिक दलाशी, जुळवाजुळव करत होते. दुपारी कलाईकुंडा आणि डमडमहून डाकोटा, पॅकेट, कॅरिबू आणि एएन-12 विमानं उडाली. संध्याकाळ व्हायच्या सुमारास सातशेच्या आसपास जवान भातशेतांवर उतरू लागले.

उतरायची रीत अशी. पाठीवर मुख्य छत्री, पुढे जादाची. विमानात डोक्यावर पोलादी तार असते, तिला प्रत्येकाने आपल्या पट्ट्याचा हुक अडकवायचा. दारातला दिवा हिरवा झाला की एकामागे एक बाहेर. तो पट्टाच छत्री ओढून उघडतो, जवानाला कळ दाबावी लागत नाही. पाय जोडून जमिनीला लागायचं आणि लगेच लोळण घ्यायची, नाहीतर घोटा गेलाच. टांगाइलला काही जण तळ्यांतच पडले, सामानाचे गठ्ठे लांबवर विखुरले. आजूबाजूच्या गावांतली माणसं धावत आली आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चालू लागली. हा प्रसंग मला सगळ्या शौर्यकथांइतकाच महत्त्वाचा वाटतो. गाव बाजूने नसतं तर विखुरलेली पलटण अंधारात गोळा झाली नसती.

अंधार पडता पडता पूल हातात आला. रात्रभर माघारी येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या त्या पुलावर आदळत राहिल्या आणि मार खात राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून मुख्य फौज येऊन मिळाली आणि तिच्या आघाडीला होती पहिली मराठा, जंगी पलटण. म्हणजे आभाळातून आलेले मराठे आणि रस्त्याने आलेले मराठे एकाच पुलावर भेटले. 16 डिसेंबरच्या सकाळी या मुख्य फौजेचे प्रमुख मेजर जनरल नागरा यांच्याबरोबर 2 पॅराचे जवान मीरपूर पुलावरून ढाक्यात शिरले. पन्नू यांना महावीर चक्र मिळालं.

कमांडोंची धार या वाटेला 1965 नंतर आली. त्या युद्धात मेजर मेघसिंग यांच्या छोट्या तुकडीने शत्रूच्या हद्दीत जाऊन केलेल्या कामातून 9 आणि 10 पॅरा कमांडो घडल्या. 1971 मध्ये मंढोल आणि छाछरोचे छापे त्यांचे. नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवचं सरकार वाचवायला आग्र्याहून रात्रीच गेली ती 6 पॅरा. पुढे 2 पॅराही स्पेशल फोर्सेसमध्ये, म्हणजे कमांडो पलटणीत, बदलली आणि 1996 मध्ये 21 व्या मराठा पलटणीचीच 21 पॅरा झाली. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात शहीद झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक मूळचे याच 21 पॅराचे.

मराठवाड्याच्या पोरांसाठी हा फरक कामाचा आहे. पॅरा म्हणजे एअरबोर्न, विमानातून उतरणारं पायदळ आणि पॅरा एसएफ म्हणजे स्पेशल फोर्सेस. रेजिमेंट एक, टोपी एक, पण निवड आणि काम वेगळं. स्पेशल फोर्सेसचं प्रोबेशन, म्हणजे पारखून घेण्याचा काळ, जास्त लांब आणि जास्त कठीण, बलिदान बॅजही त्यांचाच. दोन्हीकडे जाणं स्वखुशीचं असतं आणि प्रोबेशनमध्ये जो टिकत नाही तो आपल्या जुन्या पलटणीत परत जातो. पंख मिळतात ते आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पुऱ्या केल्यावर, त्यांतली एक रात्रीची. रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आता बेंगळुरूला आहे. आणि ज्यांना अधिकारी म्हणून जायचंय त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरात राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेते. तिच्या प्रवेश परीक्षेची चौकशी दहावीत असतानाच करावी.