अर्धा शहाणा

पेशवाईतील ‘साडेतीन शहाण्यां’मध्ये अर्धा म्हणून गणले गेलेले नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी १७४२ – १३ मार्च १८००) यांचे लौकिक उपपद, तसेच, हा अर्धा नेमका कशाचा अर्धा, यावरून रंगणारी हिशेबी थट्टा. पुरते तिघे म्हणजे पुणे दरबारातील सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर. नानांचा जन्म साताऱ्याचा. त्यांचा वाडा व घाट वाईपासून सुमारे ३ किमी.वर, मेणवलीला कृष्णेच्या काठी आहे. साडेतीनातला नेमका अर्धाच सातारकरांच्या वाट्याला आला, अशी कोटी त्यामुळे सहज होते.

साडेतीन शहाणे म्हणजे माणसे किती? शाळकरी पोर ‘चार’ म्हणते आणि शिरगणतीपुरते ते बरोबर आहे. साडेतीन ही शहाणपणाची बेरीज, शहाण्यांची नव्हे. पण वाक्प्रचारात संख्येपुढे ‘शहाणे’ बसल्याने घोळ होतो. निव्वळ बेरीजच धरायची तर चौघांची गरज नाही. सात अर्धे शहाणे चालतील, किंवा दोन दीडशहाणे आणि एक अर्धा असे तिघेही पुरतील (१½ + १½ + ½ = ३½). ही मांडणी टिकत नाही, कारण दीडशहाणा हा मराठीत एका शहाण्याहून जास्त नसून कमी भरतो. म्हणजे शहाणपण एकापर्यंत चढते आणि पुढे उतरते. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो तो या उतारावर. ‘लय शाणा हायस’ या सातारी शेऱ्यात आकडा नसला तरी ऐकणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळते. अशा राशीची बेरीज करता येत नाही, सरासरीही जपूनच करावी.

व्युत्पत्तीने या प्रश्नाला निराळे वळण मिळते. मराठीत साडेतीनसाठी जुना शब्द ‘औट’ आहे : संस्कृत अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, त्यापासून औट. शब्दशः अर्थ ‘चौथा अर्धा’. आधीचे तीन पुरते आहेत हे गृहीत. ‘अडीच’ त्याच घडणीचा, अर्धतृतीय म्हणजे ‘तिसरा अर्धा’ यापासून आलेला. ‘दीड’बाबत मतभेद आहे. द्व्यर्ध हे मूळ धरणारा पक्ष पाली ‘दियड्ढ’, प्राकृत ‘दिवड्ढ’ ही रूपे दाखवतो. दुसरा पक्ष त्यामागे द्वितीयार्ध पाहतो. ध्वनींचा हिशेब पहिल्या पक्षाकडे अधिक सुकर दिसतो, अर्थ दोन्हीकडे ‘दुसरा अर्धा’ हाच. हे शब्द बरेच जुने आहेत. अशोकाच्या रूपनाथ येथील लघु शिलालेखात (इ. स. पू. तिसरे शतक) अडीच वर्षांसाठी ‘अढतिय’ आणि दीडपट वाढीसाठी ‘दियढिय’ येतो. ती वाढ दीडपट होण्याची की दीडपटीने भर पडून अडीचपट होण्याची, असा पेच काढता येतो. भाषांतरकार सर्वसाधारणपणे दीडपट घेऊन पुढे जातात. याउलट ‘साडे’ हा ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासहित. ‘औट शहाणे’ असा प्रयोग असता तर चौथाच अर्धा, हे शब्दातच ठरले असते. ‘साडेतीन’मध्ये अर्धा नुसता सोबत येतो, तो कितवा हे शब्द सांगत नाही. औट आता औट हात, औट घटका (२४ मिनिटांची एक, म्हणून ८४ मिनिटे) आणि पाढ्यांतील औटकी एवढ्यापुरता उरला आहे.

नाना अर्धे का, याचे रूढ उत्तर असे की ते लेखणीचे व मसलतीचे शहाणे होते, तलवारीचे नव्हते. पानिपतावरून (१७६१) जीव वाचवून परतल्याची हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. यात लेखणीला एक, तलवारीला शून्य, सरासरी अर्धा, असा हिशेब गृहीत आहे. तो सर्वांना सारखा लावलेला दिसत नाही. विठ्ठल सुंदर राक्षसभुवनच्या लढाईत (१० ऑगस्ट १७६३) मारला गेला, तेव्हा त्याची बाजू भक्कम. देवाजीपंतांची ख्याती मात्र मुख्यतः मसलतीचीच आहे. दुसरा तर्क वयाचा : विठ्ठल सुंदर पडला तेव्हा नाना एकविशीत होते आणि बारभाईंचे कारस्थान अजून दशकभर दूर होते. म्हण त्या सुमाराची असल्यास अर्धेपणा उमेदवारीचा ठरतो. पण चौघांची नावे मागाहून एकत्र गुंफली गेली असणे अधिक संभवते.

तिसऱ्या मताकडे प्रस्तुत नोंदीचा कल आहे. त्यानुसार आकडा आधीचा, माणसे नंतरची. साडेतीन ही मराठी मनात मुरलेली संख्या आहे : साडेतीन मुहूर्त (बलिप्रतिपदेला अर्धा मानण्याची रूढी प्रबळ), देवीची साडेतीन पीठे (कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पूर्ण, वणीची सप्तशृंगी अर्धे), ओंकाराच्या साडेतीन मात्रा, कुंडलिनीचे साडेतीन वेढे, साडेतीन हातांचा देह. शेवटचे माप ज्याच्या त्याच्या हाताने घ्यायचे असते, नाहीतर उंच माणूस चार हातांचा निघेल. या साच्यात शहाणे बसवताना कोणालातरी अर्धे व्हावे लागले. वणीचे अर्धेपण भाविक उणेपणा मानत नाहीत. नानांच्या अर्ध्याला मात्र कारण शोधले गेले, बहुधा ते माणूस होते म्हणून.

आजच्या बोलण्यात ‘अर्धा शहाणा’ एकटा क्वचित येतो. त्याची जागा ‘अर्धवट’ने घेतली असून त्या शब्दाचा नानांशी संबंध नाही.