प्लुटोचं पद घालवणाऱ्यांनीच त्याची मोहीम वाचवली

अमेरिकेच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बोने १९३० साली प्लुटो शोधला. पुढची ६२ वर्षं, स्वतःचा चंद्र सोडला तर, नेपच्यूनपलीकडे त्याला सोबती मिळाला नाही. ‘व्हॉयेजर १’ यान तिकडे वळवता आलं असतं, पण शास्त्रज्ञांनी शनीचा चंद्र टायटन निवडला. एवढ्याशा गोळ्यासाठी टायटन कोण सोडणार?

१९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना हवाईतल्या मौना केआवरून नेपच्यूनपलीकडे एक अंधूक ठिपका सापडला. मग असे ठिपके सापडतच गेले. हाच कायपर पट्टा. ग्रह घडताना उरलेला कच्चा माल तिथे तसाच गोठून पडलेला. आता यान एका गोळ्यासाठी नव्हे, अख्ख्या प्रदेशासाठी मागता येणार होतं.

तरीही पैशांची रडकथा संपली नाही. खर्च वाढतोय म्हणून नासाने २००० मध्ये आधीची प्लुटो मोहीम थांबवली. २००१ मध्ये प्लुटोकडे जाणाऱ्या ‘न्यू होरायझन्स’ यानाची निवड झाली, तर पुढच्या अंदाजपत्रकात त्यालाच कात्री लागली! अखेर अमेरिकी संसदेने निधी मिळवून दिला. जानेवारी २००६ मध्ये यान उडालं आणि ऑगस्टमध्ये, त्याच पट्ट्यातल्या वाढत्या गर्दीपायी, प्लुटोचं ग्रहपद गेलं.

४ जुलै २०१५ला, भेटीला दहा दिवस उरले असताना, यान अचानक गप्प झालं. जुनी छायाचित्रं दाबून लहान करणं आणि भेटीच्या नव्या आज्ञा साठवणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी मुख्य संगणकावर पडली होती. त्याने सूत्रं राखीव संगणकाकडे सोपवली. संपर्क तासाभराने जुळला, पण एका प्रश्नाचं उत्तर यायला नऊ तास लागायचे. ७ जुलैला आज्ञामालिका सुरू व्हायची होती. तिच्या काही तास आधी सगळं मार्गी लागलं. १४ जुलैला यान प्लुटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेलं.

पुढचं लक्ष्य जमिनीवरून दिसेना, कारण त्या दिशेला धनू राशीतल्या ताऱ्यांची दाटी. २०१४ मध्येच हबल अवकाश दुर्बिणीने ते हेरून ठेवलं होतं: कायपर पट्ट्यातला अ‍ॅरोकॉथ. १ जानेवारी २०१९ रोजी यान त्याच्याजवळून गेलं. दोन गोळे अलगद चिकटलेले दिसले, जोरदार टकरीची खूण नाही. ग्रहांचे पहिले तुकडे आदळआपटीतून नव्हे, हळुवार गोळा होत बनले, या मताला त्याने मोठं बळ दिलं.