कंटेनरसाठी बंदिस्त कर्नल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या ग्राहकांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो, त्यांचे काही ठराविक कंटेनर (एकाच सर्व्हरवर प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे चालवण्याचे कप्पे) आम्ही जीव्हायझर या बंदिस्त कर्नलवर हलवत आहोत. कर्नल म्हणजे प्रोग्रॅमना मेमरी, डिस्क आणि नेटवर्क वापरू देणारा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. सरसकट सगळे कंटेनर हलवणार नाही, आणि तसे करू नये असेच आमचे मत आहे. कोणते हलवायचे, का हलवायचे आणि त्यानंतर आपल्या कामात काय फरक जाणवेल, हे या पत्रकात सांगितले आहे.

आपले बिलिंग, संकेतस्थळ, डेटाबेस आणि फायली रूपांतरित करणारे प्रोग्रॅम बहुधा एकाच लिनक्स सर्व्हरवर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालतात. प्रत्येक कंटेनरला स्वतःच्याच फायली, प्रोसेस आणि नेटवर्क दिसते, शेजारच्या कंटेनरचे दिसत नाही; मात्र या सगळ्यांच्या खाली काम करणारा कर्नल एकच असतो. फाईल उघडणे, मेमरी मागणे किंवा नेटवर्कवर माहिती पाठवणे यासाठी प्रोग्रॅमला कर्नलकडे विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टम कॉल म्हणतात. लिनक्समध्ये असे तीनशेहून अधिक सिस्टम कॉल आहेत, आणि त्यांपैकी एखाद्याच्या अंमलबजावणीत चूक राहून गेली असेल, तर कंटेनरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराला तीच चूक वापरून संपूर्ण सर्व्हर ताब्यात घेता येऊ शकतो. हा धोका केवळ कागदावरचा नाही. २०१६ मध्ये उघडकीस आलेली ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी कर्नलमध्ये २००७ पासून होती. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘डर्टी पाइप’ त्रुटीमुळे केवळ वाचण्यासाठी दिलेल्या फायलींच्या मेमरीतील प्रतीवरही लिहिता येत होते, आणि अनेक कंटेनर एकाच इमेजचे (कंटेनर ज्यापासून तयार होतो त्या फायलींच्या साच्याचे) थर वापरत असल्याने एका कंटेनरमधील बदल दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्यातून मोकळी झाली होती.

गुगलने मे २०१८ मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुला केलेला जीव्हायझर या अडचणीवर वेगळ्या बाजूने उपाय करतो. तो कंटेनर आणि सर्व्हरचा मूळ कर्नल यांच्यामध्ये आणखी एक कर्नल उभा करतो. सेंट्री नावाचा हा मधला कर्नल एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा, विशेष अधिकारांशिवाय चालतो. मूळ लिनक्स कर्नल सी भाषेत लिहिलेला आहे, तर हा गो भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिले जाण्यासारख्या जुन्या चुकांना त्यात फारसा वाव राहत नाही. तो अपाचे २.० परवान्याखाली उपलब्ध असल्याने परवान्यापोटी आपल्याला काहीही द्यावे लागणार नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका छायाचित्राच्या उदाहरणाने सांगतो. वाशीच्या बाजार समितीतील एक गाळेधारक हमाली-तोलाईच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढून आपल्या संकेतस्थळावर चढवतो, आणि तो लहान आकाराचा करण्यासाठी एका कंटेनरमधील प्रोग्रॅम ती फाईल उघडू पाहतो. नेहमीच्या व्यवस्थेत ही विनंती थेट मूळ कर्नलकडे जाते. जीव्हायझरमध्ये मूळ कर्नल ती विनंती पूर्ण करत नाही, अडवून सेंट्रीकडे वळवतो. फाईल म्हणजे काय, ती कोणाची आहे, उघडण्याचा अधिकार आहे का, याचा निर्णय सेंट्री स्वतःच्या नियमांनुसार घेतो. खऱ्या डिस्कपर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर गोफर नावाच्या वेगळ्या प्रोसेसने नेमून दिलेल्या मर्यादेतच तो पोहोचू शकतो. नेटवर्कसाठीही सेंट्रीची स्वतःची स्वतंत्र यंत्रणा आहे. सेंट्रीने मूळ कर्नलला कोणते सिस्टम कॉल करायचे यावरही बंधन आहे, आणि मोजके वगळता बाकीचे सगळे बंद असतात. म्हणजे फोटोत दडवलेल्या घातक मजकुराने रूपांतराचा प्रोग्रॅम ताब्यात घेतला, तरी पुढे सेंट्री फोडावी लागते, आणि त्यानंतरही हाती लागतो तो अगदी अरुंद मार्ग. २०१६ मध्येच इमेजमॅजिक या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात अशी त्रुटी सापडली होती की केवळ एक चित्र चढवून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. त्यामुळे अनोळखी लोकांकडून फायली स्वीकारणारा प्रत्येक कंटेनर आम्ही जोखमीचा मानतो.

हलवण्यासाठी निवडलेले कंटेनर याच निकषावर ठरले आहेत. बाहेरून आलेल्या फायली उघडणारे, विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून गुण देणारे, आणि त्रयस्थ पुरवठादाराचे प्लग-इन चालवणारे कंटेनर प्रथम हलवले जातील. डेटाबेस जिथे आहे तिथेच राहील. केवळ आकडेमोड करणाऱ्या कामात जीव्हायझरमुळे जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण ते काम थेट प्रोसेसरवरच चालते. पण जो प्रोग्रॅम सतत लहान-लहान सिस्टम कॉल करतो, त्याला प्रत्येक वेळी मधल्या कर्नलमधून जावे लागते आणि तो मंदावतो. डेटाबेस नेमका या दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि त्यात आपलाच प्रोग्रॅम चालत असल्याने जोखीमही तुलनेने कमी असते.

विनंती अडवण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहे. पूर्वी त्यासाठी पीट्रेस ही लिनक्समधील संथ सोय वापरली जाई. २०२३ पासून तिची जागा सिस्ट्रॅप या अधिक वेगवान पद्धतीने घेतली. स्वतःचा प्रत्यक्ष सर्व्हर असेल तर केव्हीएम (लिनक्समधील आभासी यंत्रे चालवण्याची सोय) हा पर्याय अधिक वेगवान ठरतो, परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी महापे किंवा ऐरोलीतील डेटा सेंटरमध्ये आभासी सर्व्हर भाड्याने घेतले आहेत आणि आभासी सर्व्हरच्या आत केव्हीएम संथ पडते. म्हणून आम्ही तेथे सिस्ट्रॅपच वापरतो.

काही गोष्टी आपल्या तांत्रिक सहकाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात. कंटेनरच्या मूळ फाईल-व्यवस्थेत लिहिलेला मजकूर कंटेनर बंद होताच नाहीसा होतो, म्हणून जपायचा डेटा स्वतंत्र व्हॉल्यूमवरच (कंटेनरबाहेरील साठवणीवरच) असला पाहिजे. टीसीपीडंपसारखी, नेटवर्कवरील माहितीची पॅकेट पकडणारी साधने वेगळी परवानगी दिल्याशिवाय चालणार नाहीत. डॉकरच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या) स्वनिर्मित नेटवर्कवर एका कंटेनरला दुसरा कंटेनर नावाने सापडत नाही असे होऊ शकते. तशी जोडणी असेल तर ती आम्ही आधीच बदलून घेऊ. कंटेनरमध्ये कर्नलची आवृत्ती विचारल्यास ४.४.० असे उत्तर येते. लिनक्सची ती आवृत्ती जानेवारी २०१६ ची असल्याने सुरक्षा-तपासणीत ‘कालबाह्य कर्नल’ असा शेरा पडण्याची शक्यता आहे, पण तो आकडा केवळ सुसंगतीसाठी दाखवला जातो. तपासणीसांना देण्यासाठी तसे स्पष्टीकरणाचे पत्र आम्ही आपल्याला देऊ.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आपल्याच प्रोग्रॅममधील चुकीमुळे डेटाबेसमधील माहिती बाहेर गेली, तर जीव्हायझर ती थांबवू शकत नाही. स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधील त्रुटींवर तो पूर्ण उपाय नाही. आणि मूळ कर्नल अद्ययावत ठेवण्याचे काम आम्ही पूर्वीप्रमाणेच करत राहू. सुरक्षेची घटना घडल्यास सहा तासांच्या आत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) कळवण्याचे २०२२ च्या आदेशातील बंधनही कायम आहे.

जीव्हायझरचा विकास सतत चालू असून तारखेवरून ओळखल्या जाणाऱ्या नव्या आवृत्त्या थोड्या-थोड्या दिवसांनी येत असतात. प्रत्येक आवृत्ती आपल्या सर्व्हरवर लगेच बसवणे आम्हाला योग्य वाटत नाही. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर ती तातडीने घेऊ. बाकीच्या आवृत्त्या आधी आमच्या चाचणी-सर्व्हरवर, आपल्याच कंटेनरच्या प्रतीवर तपासल्या जातील.

बदलापूर्वी आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात: कंटेनर कोणत्या फोल्डरमध्ये लिहितो त्याची यादी, आणि काम थांबवले तरी चालेल अशी वेळ. बदल म्हणजे डॉकरच्या मांडणीत त्या कंटेनरपुरता रनटाइम (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) बदलणे एवढेच असते, त्यामुळे काही अडल्यास त्याच वेळी कंटेनर जुन्या रनटाइमवर पुन्हा सुरू करून देता येईल.