स्ट्रीमर घेताना घड्याळ कुणाचं ते बघा

अमुक नेटवर्क केबल लावली आणि गायिकेचा आवाज ‘उबदार’ झाला, तमुक स्ट्रीमरने (म्हणजे नेटवर्कवरून गाणी घेऊन पुढे पाठवणाऱ्या उपकरणाने) व्हायोलिन ‘मोकळं’ केलं, ही हाय-एंड ऑडिओच्या जाहिरातींची नेहमीची भाषा. केबलचा निकाल आधी लावून टाकू. इथरनेटवरून गाण्याचे आकडे तुकड्यातुकड्यांनी येतात. प्रत्येक तुकड्यासोबत 32 बिटांचा पडताळणीचा आकडा असतो. तुकडा बिघडला तर तो टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवला जातो. त्यामुळे आकडे एकतर जसेच्या तसे पोचतात, नाहीतर गाणं अडखळतं. ‘जरा कमी उबदार’ अशी मधली अवस्थाच नाही. महागडी नेटवर्क केबल हा निव्वळ गंडादोरा.

मग सगळे स्ट्रीमर सारखेच? तसंही नाही. आकडे बरोबर पोचले तरी ते ठरल्या क्षणी वाजावे लागतात.

सीडीच्या दर्जाच्या संगीतात प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची मोजमापं, असतात आणि डॅक, म्हणजे आकड्यांचा विजेचा सिग्नल बनवणारं उपकरण, त्या प्रत्येकाचं व्होल्टेज बनवतो. एखादा नमुना किंचित मागेपुढे झाला की लहरीचा आकार बदलतो. यालाच जिटर म्हणतात. 20 किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा स्वर घेतला, तर 16 बिटांच्या मोजणीतल्या सर्वांत लहान पायरीच्या अर्ध्याइतकी चूक व्हायला सुमारे 121 पिकोसेकंद पुरतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जातो! घाबरू नका, खऱ्या संगीतात इतक्या उंच स्वरांना एवढा जोर नसतो आणि 1 किलोहर्ट्झला हीच मर्यादा 20 पट सैल होते.

खरी गंमत पुढे आहे. नमुन्यांचा ताल धरणारं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झ स्फटिक. स्ट्रीमरमध्ये एक, डॅकमध्ये दुसरा, आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोघांत दहा लाखांत 50 भागांचा फरक धरला, तर तासाभरात जवळजवळ 8,000 नमुन्यांची तफावत पडते. मधला बफर, म्हणजे आकडे तात्पुरते साठवायची जागा, ही जणू पाण्याची टाकी: येणारी धार आणि जाणारी धार जुळली नाही, तर कधीतरी ती ओसंडणार किंवा कोरडी पडणार.

यूएसबीने यावर काय केलं बघा. साध्या वेगाच्या यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक पाकीट जातं. मिलिसेकंदाच्या वाट्याला नमुने येतात 44.1 आणि नमुन्याचा दहावा भाग काही पाठवता येत नाही. म्हणून नऊ पाकिटांत 44 आणि दहाव्यात 45. जुन्या ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ पद्धतीत डॅक या पाकिटांच्या चालीवरून आपलं घड्याळ जुळवत राहतो, म्हणजे पाठवणाऱ्याची थरथर स्वतःकडे ओढून घेतो. ‘असिंक्रोनस’ पद्धतीत उलटं होतं. डॅकचा स्फटिक आपल्याच तालात चालतो आणि डॅक मागे कळवत राहतो, ‘जरा जास्त पाठव, आता जरा कमी.’ स्ट्रीमर फक्त हमाल. कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल जोडणीत मात्र घड्याळ सिग्नलमध्येच गुंफलेलं येतं आणि डॅकला ते उकलून काढावं लागतं. चांगले डॅक ते सफाईने करतात. स्ट्रीमर आणि डॅक एकाच डब्यात असतील तर सहसा हा तंटाच उरत नाही.

म्हणून माझा सल्ला: डॅक असिंक्रोनस असेल तर स्ट्रीमरवर पैसे ओतू नका. विचारायचंच तर हे विचारा, की तो 44.1 किलोहर्ट्झचं (सेकंदाला 44,100 नमुन्यांचं) संगीत 44.1 लाच पाठवतो का? काही उपकरणं सरसकट सगळं 48 किलोहर्ट्झला बदलतात. प्रमाण 147 ला 160, म्हणजे जवळपास सगळे नमुने नव्याने मोजावे लागतात. हे नीट केलं तर कानाला कळणारही नाही, पण एवढी यंत्रणा उभी करून हा द्राविडी प्राणायाम कशाला? मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडतो का, हेही ऐकून बघा. अ‍ॅप चिडचिडं असेल तर मी ते उपकरण तिथेच सोडून देईन.

आणि यूएसबीच्या तारेतून एक गोष्ट मात्र खरंच शिरू शकते, ती म्हणजे विजेचा गोंगाट. गाणं थांबवा, स्पीकरला कान लावा, आवाजाची पातळी खाली आणून यूएसबी काढा. पातळी पुन्हा तेवढीच केल्यावर गुणगुण ऐकू आली नाही तर ती त्याच वाटेने येत होती. मग ऑप्टिकल वायर लावा. तिच्यात धातूच नसतो.